अहवालात न लिहिलेले माप

बारा पूर्णांक पाच. ऑगस्टमधल्या एका ढगाळ सकाळी सात वाजता, एका अंगणातल्या लोखंडी पेटीत ठेवलेल्या बॅटरीला मल्टिमीटरच्या सळया लावल्या तेव्हा हा व्होल्टचा आकडा आला. रात्रभर इंटरनेटचा सिग्नल पाठवणारा रेडिओ चालवूनही बॅटरीत पुरेशी वीज शिल्लक आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो मी खिशातल्या वहीत लिहिला. अहवालात लिहिला नाही.

या नोकरीआधी बारा वर्षे मी चंद्रपुरात एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. जिल्ह्याची पाने कमी झाली, माणसे कमी झाली, त्यांत मीही होतो. नंतर ज्या कंपनीत लागलो ती जंगलातल्या गावांना बिनतारी इंटरनेट पोचवण्याचे काम घेत असे. केबल टाकली की रस्त्याच्या रुंदीकरणात तुटायची, म्हणून टॉवर आणि अँटेना. मला त्या कामातले काहीच येत नव्हते. मला घेतले ते अहवाल लिहिता येतात म्हणून. बाकीचे मी करता करता शिकलो, आणि दोन वर्षांनी जागा पाहण्यापासून बिघाड शोधण्यापर्यंत सगळे माझ्याकडे आले.

वैनगंगेपलीकडचे, गडचिरोली जिल्ह्यातले एक गाव माझ्याकडे होते. ग्रामपंचायत, आरोग्य उपकेंद्र आणि रेशन दुकान, तिन्ही त्याच गावात; आजूबाजूच्या चार टोल्यांतली, म्हणजे लहान वस्त्यांतली, माणसे रेशनसाठी तिथेच येत. दुकानातल्या मशीनवर अंगठा लावल्याशिवाय धान्य मिळत नाही आणि मशीनला इंटरनेट लागते. म्हणून या गावाला दोन वाटा दिल्या होत्या. पहिली तालुक्याच्या उंच टॉवरवरून थेट. दुसरी तालुक्याहून एका टोल्यावर आणि तिथून गावात. पहिली बंद पडली तर उपकरणाने आपोआप, काही सेकंदांत, दुसरी धरायची. गावातल्या कोणाला कळूही नये, अशी ती व्यवस्था.

टोल्यावरची जागा मी निवडली होती. टोला उंचवट्यावर, त्यात एका घराचे अंगण सगळ्यात वर. मे महिना होता. अंगणात तात्पुरता पोल उभा केला, वर चढलो आणि दुर्बिणीतून पाहिले. मधल्या सागाच्या रानापलीकडे उपकेंद्राची पांढरी भिंत स्वच्छ दिसत होती. मी फोटो काढला आणि अहवालाला जोडला. खाली लिहिले : दोन्ही टोके एकमेकांना दिसतात, मध्ये अडथळा नाही.

घर एका बाईचे होते. पन्नाशीच्या आतबाहेरची, अंगाने सडपातळ, बोलणे मोजके. नवरा वर्षातले आठ महिने तेलंगणात, कधी मिरचीला, कधी वीटभट्टीवर. घरात ती आणि तिची सासू. सासूला कमी दिसायचे, उठवून बसवावे लागायचे. पोल अंगणात उभा राहिला तेव्हा बॅटरीच्या पेटीची चावी कंपनीने या बाईकडे दिली. पेटी पुसायची, सोलरच्या पाटीवरचा कचरा काढायचा, आम्ही आलो की उघडून द्यायची. त्याचे महिन्याला थोडेसे मानधन होते. थोडेसे असले तरी त्याने तिचे एक काम झाले : हिवाळ्यात टोल्यातल्या बाया तेलंगणात मिरची तोडायला जात तेव्हा तिला जावे लागत नसे. सासूजवळ राहता येई. हे तिनेच मला सांगितले, मी विचारले म्हणून नव्हे, चहा गाळता गाळता.

त्याच मे महिन्यात, मी पोलवरून उतरलो तेव्हा तिने आणखी एक गोष्ट सांगितली होती.

“आत्ता दिसते भाऊ. पान आल्यावर इथून गाव नाई दिसत.”

मी तिला म्हणालो की आपला पोल पुष्कळ उंच आहे. ती वर पाहून म्हणाली, “हो, उंच तं हाये.” आणि आत गेली.

मी चंद्रपुरात जन्मलो. मूलचा, चिमूरचा रस्ता लहानपणापासून बसच्या खिडकीतून पाहिला. साग उन्हाळ्यात उघडा असतो आणि पावसात त्याला ताटाएवढी पाने येतात, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. पुण्यामुंबईच्या इंजिनियरने ही चूक केली असती तर आम्ही त्याला हसलो असतो.

पहिला पावसाळा काही न होता गेला, कारण मुख्य लिंक, म्हणजे तालुक्याहून थेट येणारी, एकदाही पडली नाही. दुसरीची गरज लागली नाही, त्यामुळे ती चालते का हे कोणी पाहिले नाही. चंद्रपूरच्या कार्यालयात भिंतीवर एक पडदा होता. प्रत्येक लिंकच्या नावापुढे हिरवा किंवा लाल ठिपका. दर मिनिटाला इथून एक बारीकशी हाक जायची, पलीकडून ओ आली की ठिपका हिरवा. चिठ्ठी घेऊन जाणाऱ्याला जी वाट पुरते ती पोते घेऊन जाणाऱ्याला पुरेलच असे नाही, हे त्या ठिपक्यावरून कळत नसे. मी रोज सकाळी त्याच्याकडे पाहून नोंद करत असे : दोन्ही लिंक सुरळीत.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला वीज पडली आणि मुख्य लिंकचा रेडिओ जळाला. दुसरीचा ठिपका हिरवाच होता. उपकरणाने दुसरी वाट धरली, आणि त्या वाटेने काहीही गेले नाही. रेशन दुकानात रांग लागलेली. मशीन अंगठा घेई, पडद्यावर चकती फिरत राही आणि नाही म्हणे. टोल्यांवरून नाला ओलांडून आलेली माणसे पहिल्या दिवशी रिकामी पिशवी घेऊन परत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली आणि पुन्हा परत गेली.

सरपंचाचे फोन आधी मला आले, मग नागपूरला आमच्या साहेबांना. साहेबांनी मला एवढेच सांगितले की लिंक सुरू कर आणि कारण लेखी दे, उद्या दुपारपर्यंत.

माझ्याबरोबर टॉवरवर चढणारा सहकारी होता. राजुऱ्याचा, माझ्याच वयाचा, वडिलांचे तिथे सायकलचे दुकान. वीस वर्षे टॉवरवर चढत होता, आणि माझ्या पडद्याबद्दल त्याचे मत चांगले नव्हते. मूल, सावली, व्याहाड ही गावे मागे टाकत आम्ही वैनगंगेचा पूल ओलांडला तोवर तो दोनदा म्हणाला, “तुमच्या हिरव्या दिव्यालेच विचारा ना भाऊ, का झालं म्हणून.” संध्याकाळपर्यंत जळालेला रेडिओ बदलला. मुख्य लिंक आली, दुकान सुरू झाले. प्रश्न उरला तो दुसरीचा. ती का उभी राहिली नाही?

रात्री तालुक्याला थांबून सकाळी आम्ही टोल्यावर गेलो. बाईने पेटी उघडून दिली. सहकाऱ्याने बॅटरीच्या मागे बोट दाखवले. बॅटरीच्या टोकांवरून एक बारीक काळी वायर निघाली होती, पेटीच्या भोकातून बाहेर, कुडाच्या भिंतीला धरून घरात. मी तिच्यामागे आत गेलो. ती सासूच्या बाजेवर टांगलेल्या एका छोट्या एलईडी बल्बला जाऊन पोचत होती.

मी बाईकडे पाहिले. तिने लपवायचा प्रयत्न केला नाही.

“यंदा होळीले लावला भाऊ. लाइन जाते इथी घडीघडी. बुढी रात्री उठते, पडते. येवढुसा तं बल्ब हाये.”

मी म्हणालो की विचारायला हवे होते. ती म्हणाली की हो, विचारायला पाहिजे होते. मग म्हणाली, “पर त्यानं तुमचं मशीन नाई बंद पडत. तुमी वरते चढून पाहा. साग दाटला हाये.”

पाऊस होता. ओल्या पोलवर चढायचे नाही हा आमचा नियम, आणि तो बरोबर आहे. दुपारी उघडेल, असे सहकारी म्हणाला. थांबता आले असते. मी बॅटरीचे माप घेतले. बारा पूर्णांक पाच. आकडा मी पाहिला, त्यानेही पाहिला. तो बल्ब रात्रभर जळूनही बॅटरी व्यवस्थित होती. म्हणजे कारण दुसरे काहीतरी होते, आणि ते शोधायला मला दुपारपर्यंत थांबून वर चढावे लागले असते. वर चढल्यावर मला माझाच मे महिन्यातला फोटो आठवला असता. हे मला त्या क्षणी स्पष्ट कळले होते असे मी म्हणणार नाही. पण थांबू नये असे मला वाटत होते, आणि का वाटते ते मी स्वतःला विचारले नाही.

वायर काढली, फोटो घेतला आणि तालुक्याला येऊन मी अहवाल लिहिला. त्यातली दोन वाक्ये मला पाठ आहेत. “पर्यायी लिंकच्या बॅटरीवरून एका घरात अनधिकृत वीजजोडणी घेतलेली आढळली. मुख्य लिंक बंद असताना पर्यायी लिंक भार घेऊ शकली नाही.” दोन्ही वाक्ये खरी होती. त्यांच्यामध्ये “त्यामुळे” हा शब्द मी लिहिला नाही. तो वाचणाऱ्याने आपल्या मनाने घालायचा होता. ही कारागिरी मी डेस्कवर शिकलो होतो. खटला होऊ नये म्हणून आम्ही तिचा उपयोग करत असू, शक्यतो मोठ्या माणसांबद्दल लिहिताना.

साहेबांना अहवाल आवडला. आटोपशीर आहे, म्हणाले.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत सरपंचाने मला बोलावले. लोक चिडलेले होते, त्यांना कारण हवे होते. झेंडा झाल्यावर पंचायतीच्या ओट्यावर सभा बसली आणि मी अहवाल वाचला. स्वच्छ आवाजात, योग्य ठिकाणी थांबत वाचला. दोन वाक्यांच्या मध्येही थांबलो.

रेशनसाठी दोन खेपा केलेला एक माणूस मागून म्हणाला, “म्हंजे सासूच्या बल्बापायी साऱ्या गावाचा तांदूळ अडला का?” दुसरा म्हणाला, “बुढीले उजेडात बसवून आमाले उपाशी बसवलं.” लोक हसले. ते हसणे फार वाईट नव्हते, गावात असे बोलतात. पण हसल्यानंतर सगळे तिच्याकडे पाहू लागले आणि पाहतच राहिले.

ती बायांमध्ये बसली होती. उठली, कमरेच्या बटव्यातून चावी काढली, माझ्यासमोरच्या टेबलावर ठेवली आणि घरी गेली. सभा संपायच्या आत चावी पंचायतीच्या शिपायाकडे द्यायचे ठरले. टोला त्याच्या घरापासून फार लांब नव्हता.

परत येताना गाडी सहकारी चालवत होता. सावली गावाच्या पुढे आल्यावर म्हणाला, “भाऊ, पेपरमदे बी असंच लिवत होते का?”

मी त्याला म्हणालो की मी लिहिले त्यात खोटे काय आहे ते सांग.

“खोटं नाई,” तो म्हणाला. “तेच तं म्हणून राह्यलो.”

जानेवारीत मी टोल्यावर गेलो होतो, वार्षिक तपासणीला. शिपायाने पेटी उघडली. घराचे दार लोटलेले होते. म्हातारी अंगणात उन्हात बसलेली, शेजारची बाई तिला भाकर कुस्करून देत होती. शेजारणीने सांगितले की सून बाकीच्या बायांबरोबर मिरचीला गेली, गुढीपाडव्याआधी येईल. मग घास भरवत म्हणाली की मी आहे तोवर हिचे होते, पण माझेही घर आहे. माझी चाहूल ऐकून म्हातारीने मान वर केली.

“लाइटवाले का? लावून देता का तो बल्ब?”

शेजारीण तिला म्हणाली की हे ते नाहीत. वायर काढणारा मीच, हे मी सांगितले नाही. तपासणी उरकून निघालो.

मार्चमध्ये मी मुख्य लिंक मुद्दाम बंद करून पाहिली. दुसरीने अडीच सेकंदांत सगळा भार घेतला. साहेबांनी दिल्लीहून आलेल्या पाहुण्यांसमोर तो प्रसंग उदाहरण म्हणून सांगितला : स्थानिक पातळीवर शिस्त आणली की तंत्रज्ञान चालते. मी तिथे होतो. तोवर मलाही ते जवळजवळ खरे वाटू लागले होते. वायर काढली, लिंक सुधारली. जे घडले त्याचा क्रम तर असाच होता.

जुलैमध्ये तालुक्याच्या टॉवरवर काम निघाले आणि मुख्य लिंक चार तास बंद ठेवावी लागली. दुसरी पुन्हा पडली. ठिपका हिरवा, वाटेने काही जात नाही. चावी शिपायाकडे, बल्ब नाही, वायर नाही. सरपंचाने फोनवर विचारले की आता कोणाच्या घरात बल्ब आहे.

त्या दिवशी, कार्यालयात बसून, मी जे वर्षभरापूर्वी करायला हवे होते ते केले. प्रत्येक लिंकच्या सिग्नलची नोंद सर्व्हरवर आपोआप साठत असते. मी लिंक सुरू झाल्यापासूनचा आलेख काढला. जूनच्या अखेरीपासून रेघ खाली उतरत होती, ऑगस्टमध्ये तळाला लागत होती, जानेवारीनंतर वर चढत होती आणि उन्हाळाभर वर राहत होती. पुढच्या वर्षी पुन्हा तसेच. पहिल्या पावसाळ्यातला उतार तर अगदी ठळक होता. तेव्हा त्या घरात बल्ब नव्हताच. तो नंतरच्या होळीला लागला. आलेख काढायला चार मिनिटे लागली.

उघाड मिळाली त्या दिवशी आम्ही टोल्यावर गेलो. सहकारी आधी चढला. वरून त्याने हाक दिली, “भाऊ, इथी तं भिंतच हाये.” मग मी चढलो. ज्या उंचीवरून मेमध्ये फोटो घेतला होता तिथे कमरेचा पट्टा अडकवून उभा राहिलो. समोर सागाची पाने. ओली, जाड, एकावर एक. उपकेंद्राची भिंत, गाव, काही नाही. मी फोटो घेतला. खाली उतरल्यावर दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले.

सहकारी पट्टा गुंडाळत होता. तो म्हणाला, “त्या दिवशी आकडा मी बी पाह्यला होता. मले कोणी विचारलं नाई, मी बोल्लो नाई.” पट्टा पिशवीत टाकत म्हणाला, “तुमाले तं कोणी विचारायचीच गरज नव्हती.”

साग वनखात्याचा, त्याला हात लावता येणार नव्हता. पोल आणखी उंच करायचा तर ते अंगण पुरत नव्हते, ताण द्यायच्या तारा शेजारच्या धानाच्या बांधीत गेल्या असत्या. एकच उपाय होता. टोल्याच्या दुसऱ्या टोकाला शाळेमागे पाण्याची टाकी झाली होती, तिच्यावरून गावापर्यंत मध्ये रान नव्हते. लिंक टाकीवर हलवायची. मी साहेबांना तसे लिहिले : सागाच्या पालवीमुळे पावसाळ्यात सिग्नल क्षीण होतो, जागा बदलावी. दोन्ही फोटो आणि आलेख जोडले. बल्बाचा उल्लेख केला नाही. साहेबांचे उत्तर त्याच दिवशी आले : ठीक आहे, हलवा. मागच्या वर्षीच्या कारणाचे काय, असे त्यांनी विचारले नाही. कोणीच विचारले नसते.

हे इथेच संपवता येत होते. आठवडाभर मी ते संपलेले आहे असे धरून वागलो. वर्तमानपत्रात चूक झाली की आतल्या पानावर, तळाला, बारीक अक्षरात खुलासा छापतात, तोही तक्रार आली तर. तक्रार आलेली नव्हती.

आठवड्याने मी गेलो. धानाचे रोवणे सुरू होते. ती दुसऱ्याच्या बांधीत होती, सातआठ बाया ओळीने वाकलेल्या. मला पाहून तिने काम थांबवले नाही. ओळ धुऱ्यापाशी, बांधीच्या कडेला, आली तेव्हा सरळ झाली आणि चिखलाचे हात तसेच ठेवून उभी राहिली. मी तिला सांगितले की लिंक बल्बामुळे बंद पडली नव्हती. सागामुळे पडली होती. तुम्ही म्हणाला होतात तसेच.

“मले माहीत हाये,” ती म्हणाली.

मी म्हणालो की मला ते आता कळले.

तिने माझ्याकडे नीट पाहिले. “आता कळलं का, का आता सांगून राह्यले?”

ओळीतल्या बाया वाकलेल्याच होत्या, पण हात थांबले होते. मी म्हणालो की त्या दिवशी बॅटरीचे माप घेतले तेव्हाच कळायला हवे होते. ते चांगले होते.

“मंग काऊन नाई लिवलं?”

याचे उत्तर माझ्याकडे होते. मी ते दिले नाही. म्हणालो की चूक झाली, तुम्हाला वाईट वाटले असेल, मी माफी मागायला आलो आहे. पोल हलवणार आहोत हेही सांगून टाकले.

“माफी मले इथी चिखलात नका देऊ,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “चोट्टी म्हणून जिथी वाचलं ना, तिथीच वाचा. लोकं मले अजूनबी पेटीवाली म्हणतेत. रेशनच्या लाइनीत म्हणतेत, सरका, पेटीवाली आली.”

एक बाई मागून म्हणाली, “येईल का हा मानूस?” ती वाकली आणि पुढची ओळ धरली.

पंधरा ऑगस्टला मी गेलो. साहेबांना सांगितले की टाकीवरच्या कामाची माहिती द्यायला जातो आहे. ते खरे होते. या वेळीही मी सगळे खरेच सांगत होतो.

तीच जागा, तेच टेबल. ग्रामसेवक कार्यवृत्त लिहायला बसलेला. ती मागच्या वर्षी बसली होती तशीच बायांमध्ये. मी कागद लिहून नेला होता. उभा राहून वाचला : मागील वर्षीच्या बिघाडाबाबत तांत्रिक गैरसमज झाला होता, फेरतपासणीत कारण झाडांचा पाला असल्याचे स्पष्ट झाले आहे, संबंधितांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी. चार ओळी होत्या. लोक ऐकत होते की नाही कळत नव्हते. सरपंच म्हणाला, ठीक आहे, पुढचा विषय.

तेव्हा ती उठली.

“गैरसमज कोणाचा झाला?”

सरपंच म्हणाला, झाले ना बाई आता, साहेबांनी सांगितले ना. ती त्याच्याकडे वळली नाही.

“भाऊ, मी तुमाले विचारून राह्यली. कोणाचा?”

मी म्हणालो, “माझा.”

“गैरसमजच होता का?”

मी कागद खाली ठेवला. सहकारी टाकीवरच्या सामानाची गाडी घेऊन आला होता, तो मागे कठड्याला टेकून उभा होता आणि जमिनीकडे पाहत होता.

“नाही,” मी म्हणालो.

मग मी सांगितले. त्या सकाळी मी बॅटरीचे माप घेतले होते. माप चांगले होते. बल्बाने काही होत नव्हते, हे त्या मापावरून दिसत होते. ते मी अहवालात लिहिले नाही. पोलची जागा मी निवडली होती, उन्हाळ्यात. या बाईंनी पालवीबद्दल मला दोनदा सांगितले होते, मी ऐकले नाही. दुसरे कारण शोधले असते तर माझे नाव आले असते. वायर सापडली, म्हणून मी थांबलो.

बातमी वाचावी तसा माझा आवाज होता. दुसरा कुठला आवाज मला त्या वेळी काढता आला नाही.

मागच्या वर्षी बुढीच्या उजेडाबद्दल बोललेला माणूस तिथेच होता. तो शेजाऱ्याला हळू म्हणाला, “मंग आपण तं फुकटच बोल्लो.” शेजारी म्हणाला, “आपण काय, वाचलं त्याईनं.”

ती अजून उभी होती. ग्रामसेवकाला म्हणाली, “लिवलं का?”

ग्रामसेवक म्हणाला की लिहितो. तिने लिहिलेले वाचायला सांगितले. त्याने वाचले, “सदर प्रतिनिधींनी चूक मान्य केली.” ती म्हणाली की असे नाही, जे बोलले ते लिहा. ग्रामसेवकाने माझ्याकडे पाहिले आणि वही माझ्यापुढे सरकवली. मी लिहिले : मी बॅटरीचे माप घेतले होते. माप बरोबर होते. ते मी अहवालात लिहिले नाही. खाली सही केली. ग्रामसेवकाने ती तीन वाक्ये मोठ्याने वाचली. तिने ऐकली आणि मग खाली बसली.

सरपंच भला माणूस होता. वातावरण सैल करावे म्हणून म्हणाला की आता पेटी टाकीवर जाणार आहे, चावी पुन्हा बाईंकडेच देऊ, सभेची मंजुरी घेऊ. दोघातिघांनी हो म्हटले. एक बाई तिला कोपराने ढोसून म्हणाली, “घे ना वो.”

“टाकी शाळेच्या तिकडं हाये,” ती म्हणाली. “घडीघडी बुढीले सोडून मी तिकडं कशी जाऊ? अंगणात होती म्हणून तं घेतली होती.”

याचा विचार मी केलेला नव्हता. जागा बदलण्याचा प्रस्ताव लिहिताना उंची, अंतर, परवानग्या सगळे पाहिले होते. खरे कारण सापडले त्यामुळेच पोल तिच्या अंगणातून जाणार होता, आणि त्याबरोबर ते मानधनही. मी सरपंचाला म्हणालो की दुसरे काही करता येईल का ते पाहतो. तिने माझ्याकडे पाहिले, जणू या वाक्याची किंमत तिला नेमकी माहीत होती.

“तुमी काही नका पाहू भाऊ,” ती म्हणाली. “तुमचं झालं.”

चावी शिपायाकडेच राहिली. पुढचा विषय नाल्यावरच्या बंधाऱ्याचा होता आणि त्यावर बरेच बोलणे झाले. मी सभा संपेपर्यंत बसलो, कारण मध्येच उठून जाणे बरे दिसले नसते. दुपारनंतर आम्ही टाकीवर अँटेना चढवली. ती अजूनही चालते, पावसाळ्यातही.

साहेबांपर्यंत ती तीन वाक्ये गेली की नाही, मला माहीत नाही. मी ती पाठवली नाहीत. कार्यवृत्ताची वही पंचायतीच्या कपाटात आहे.

त्या हिवाळ्यात ती पुन्हा मिरचीला गेली. हे मला सहकाऱ्याने सांगितले. मी विचारले नव्हते.